गरोदरपणातला रोजा: रमजान जवळ आला की विचारले जाणारे प्रश्न

शाबान (रमजानच्या आधीचा महिना) सुरू झाला की माझ्या फोनवर एकाच विषयाचे निरोप यायला लागतात. कुणी सदर बाजारातून विचारते, कुणी इचलकरंजी-कागलहून, कुणी कोकणातून लग्न होऊन इकडे आलेली असते. मी वीस वर्षं कोल्हापुरात बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स आहे आणि मला तीन मुलं आहेत. खालचे प्रश्न या निरोपांतूनच घेतलेत, शब्दही शक्यतो विचारणारीचेच ठेवलेत. दवाखान्याची बाजू मी रोज बघते. दीनी मसले (धर्माच्या नियमांचे प्रश्न) आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारून, नीट समजून मगच लिहिलेत. तरी तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी आणि तुमच्या मसलकाच्या (हनफी, शाफई, मालिकी, हंबली यांपैकी तुम्ही पाळता त्या पंथाच्या) मुफ्तींशी बोलूनच घ्या, आणि तो चाँद दिसायच्या आधी घ्या. पहाटे चार वाजता, डोळ्यांवर झोप असताना घ्यायचा हा निर्णय नाही.

एका शब्दाचा खुलासा आधीच करते. संध्याकाळी आपण "रोजा सोडला" म्हणतो तेव्हा इफ्तार केलेला असतो. दिवसा मध्येच मोडावा लागला, त्याला इथे "रोजा तोडला" असं लिहिलंय.

१. गरोदर बाईला रोजा माफ आहे, का धरावाच लागतो?

स्वतःच्या किंवा पोटातल्या बाळाच्या जिवाला त्रास होईल अशी भीती असेल, तर आत्ता न धरण्याची सवलत आहे. चारही मसलकांचं यावर एकमत आहे. तशी भीती नसेल, तब्येत धडधाकट असेल आणि डॉक्टरांचीही हरकत नसेल, तर नुसती गरोदर आहे म्हणून रोजा सुटत नाही.

कुराणात सूरह बकराच्या १८३ ते १८५ या आयतींत रोजाचा हुकूम आहे, आणि तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला दुसऱ्या दिवसांत मोजणी पूर्ण करायची मुभा दिलीय. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, हेही त्याच जागी सांगितलंय. हजरत अनस बिन मालिक काबी यांच्या हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनाच्या नोंदीत) मुसाफिराच्या बरोबरीने गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईचं नाव घेऊन सवलत आली आहे. (हे अनस वेगळे. रसूलुल्लाहंची खिदमत करणारे हजरत अनस ते हे नव्हेत, लोकांची गल्लत होते.)

म्हणजे सवलत ज्याने दिली त्यानेच रोजाही दिला. मग सवलत घेणारी कमी दीनदार कशी ठरेल?

२. "भीती" म्हणजे नक्की काय? मला तर सगळ्याचीच भीती वाटते.

मनात आलेली शंका पुरत नाही, आणि चक्कर येऊन पडेपर्यंत वाट बघायचीही गरज नाही. आलिम तीन गोष्टी सांगतात. मागच्या वेळचा स्वतःचा अनुभव (मागच्या गरोदरपणात रोजे धरले आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं), अंगावर दिसणारं लक्षण, किंवा जाणकार डॉक्टरचा शब्द. यातलं एक जरी असलं आणि त्रास होण्याचा अंदाज बळकट असला तरी पुरे. नुकसान होणार हे पक्कं असेल, तर रोजा न धरणंच वाजिब (बंधनकारक) होतं. तिथे "मी सहन करीन" म्हणायची सोय नाही.

३. कजा, फिदिया, कफ्फारा यांत सगळे घोळ घालतात. एकदा सरळ सांगा.

कजा म्हणजे राहिलेल्या एका रोजाच्या बदल्यात पुढे एक रोजा. फिदिया म्हणजे एका रोजापोटी एका गरजूचं जेवण. कफ्फारा म्हणजे रमजानचा रोजा काही कारण नसताना जाणूनबुजून तोडल्याबद्दल लागोपाठ ६० रोजे. गरोदरपणाच्या खऱ्या कारणाने न धरलेल्या किंवा तोडलेल्या रोजाला कफ्फारा लागत नाही. "साठ धरावे लागतील" या धास्तीने अंधारी येत असतानाही पाणी न घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, म्हणून हे वाक्य पुन्हा वाचा.

फिदिया लागतो का, हे तुमच्या मसलकावर आहे. पुढचा प्रश्न बघा.

४. माझं माहेर रत्नागिरीचं, सासर कोल्हापूरचं. तिकडचे मौलाना फिदिया द्या म्हणतात, इकडचे नको म्हणतात. खरं कोण?

दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. हा प्रश्न कोल्हापुरात जितका येतो तितका दुसरीकडे क्वचितच येत असेल, कारण घाट उतरलं की मसलक बदलतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आपल्याकडे घाटावर बहुतेक हनफी.

हनफी मताप्रमाणे गरोदर आणि पाजणाऱ्या बाईवर फक्त कजा आहे. भीती स्वतःची असो वा बाळाची, फिदिया नाही. शाफई मताप्रमाणे भीती स्वतःची किंवा दोघांची असेल तर फक्त कजा, पण केवळ बाळाच्या भीतीने सोडला असेल तर कजा आणि सोबत फिदियाही. हंबली मत याच्या जवळचं आहे. मालिकी मतात गरोदर बाईवर फक्त कजा, पाजणारीवर कजा आणि फिदिया. हजरत इब्ने अब्बास आणि हजरत इब्ने उमर यांच्याकडून "फक्त फिदिया पुरे, कजा नाही" असंही मत नोंदलेलं आहे. अलीकडे मोबाईलवर कुणी तरी तेवढंच कापून पाठवतं आणि बायका गोंधळतात. चारही मसलकांत ते मत चालत नाही.

लग्नाने मसलक आपोआप बदलत नाही. तुम्ही आजवर शाफई पद्धतीने नमाज पढत आला असाल, तर रोजाचा मसलाही तिकडच्याच आलिमांना विचारा. सोपा जाईल तो अर्धा इथून, अर्धा तिथून, असं करू नका.

५. फिदिया किती द्यायचा?

शाफई हिशोबाने एका रोजाला एक मुद, म्हणजे आपल्या रोजच्या धान्याचं साधारण ६०० ते ७५० ग्रॅम वजन. कोकणात तांदूळ देतात. हनफी हिशोबात फिदिया ज्यांना लागतो (अतिशय वृद्ध, किंवा बरं होण्याची आशा नसलेले आजारी) त्यांच्यासाठी सदक-ए-फित्रइतकाच (रमजान ईदच्या दानाइतकाच), अर्धा साअ गहू. त्याचं आजचं वजन आलिम पावणेदोन किलोच्या आसपासपासून दोन किलोच्या थोडं वरपर्यंत सांगतात. गव्हाच्या भावाने होणारी रक्कम दर रमजानला मशिदीत जाहीर होते, ती धरा.

हनफी बाईने "फिदिया देऊन टाकला, सुटले" असं समजू नये. पुढे ताकद आली की कजा डोक्यावर आहेच.

६. रोजाने बाळाला खरंच त्रास होतो का? एक डॉक्टर हो म्हणतात, एक नाही म्हणतात.

इथे मला सावकाश लिहायचंय, कारण याच उत्तरावर बाकीचं सगळं उभं आहे.

धडधाकट बाईने रोजे धरले म्हणून बाळाचं वजन कमी भरतं किंवा दिवस भरायच्या आत बाळंतपण होतं, असं ठामपणे दिसलेलं नाही. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही जन्माच्या वजनात म्हणावा असा फरक आढळला नाही. वारेचं वजन मात्र रोजा धरणाऱ्यांत कमी दिसलं. २०११ साली छापून आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, रमजान पोटात असताना गेलेल्या लोकांच्या मोठेपणीच्या तब्येतीकडे बघितलं होतं, आणि त्यात लांबच्या परिणामांच्या काही खुणा दिसल्या. म्हणजे "काही होत नाही" असं छातीठोक सांगायला जागा नाही, आणि "बाळ दगावतं" म्हणून घाबरवायलाही नाही.

पोटात काय घडतं ते सांगते. एरवी आपण आठ-दहा तास उपाशी राहिलो तर शरीर साठवलेल्या साखरेवर चालतं. गरोदरपणात बाळ सतत साखर ओढून घेत असतं, त्यामुळे ती साठवण लवकर संपते आणि शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन तयार होतात. गरोदर बाईला उपास लवकर "लागतो" तो म्हणून. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो आणि पोट कडक व्हायला लागतं.

कोल्हापुरात रोजा ऋतूप्रमाणे साधारण साडेबारा ते साडेचौदा तासांचा असतो. सध्या रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतोय आणि दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतोय. २०३० साली तर एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरअखेर सुरू होईल. पण हवा थंड झाली म्हणून ज्यांनी धरू नये त्यांनी धरावा, असं होत नाही. ती यादी पुढच्या प्रश्नात आहे.

७. कुणी अजिबात धरू नये?

साखर असलेल्या, आणि विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्या. बीपी वाढलेल्या. जुळं असलेल्या. आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालेल्या. बाळाची वाढ कमी आहे किंवा पाणी कमी आहे असं सोनोग्राफीत सांगितलेल्या. किडनी, हृदय, फिट्स यांची औषधं चालू असलेल्या. उलट्यांनी वजन उतरलेल्या. रक्तस्राव होत असलेल्या. आणि हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्या: गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. ९-१० वाल्या बायका मला रोज भेटतात, त्यातल्या बऱ्याचजणींना आपलं हिमोग्लोबिन किती ते माहीतच नसतं. फाईल उघडून बघा.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची मोफत तपासणी होते. रमजानच्या आधीची ९ तारीख चुकवू नका. तिथे तोंड उघडून "मला रोजे धरायचेत" असं सांगा. डॉक्टर मुसलमान नसतील म्हणून बायका गप्प बसतात, आणि मग डॉक्टरांना कळतच नाही की सकाळची गोळी महिनाभर बंद आहे.

८. मी हिंदू आहे. माझी शेजारीण सातव्या महिन्यात रोजे धरते. आमच्या उपवासासारखं ती साबुदाणा, फळं, निदान पाणी घेऊ शकत नाही का?

हा प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून मला तो आवडतो. नाही, पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही चालत नाही. आपल्याकडे निर्जळी एकादशी करतात तसं समजा, फक्त महिनाभर रोज, आणि रात्री खायची पूर्ण मोकळीक. "पाणी पिऊन अर्धा रोजा" असा प्रकार नाही.

पण तिला न धरण्याची मुभा आहे हे तुम्हाला आता कळलं (प्रश्न १). तिला ते शेजारणीच्या नात्याने सांगायला हरकत नाही. आशाताईंनाही मी हेच सांगते. "रोजा धरू नको" म्हटलं की ती ऐकत नाही. "तुझ्या दीनात सवलत आहे ना, आलिमांना विचारलंस का?" म्हटलं की थांबून ऐकते.

९. सगळे धरणं जमत नाही. एक दिवसाआड धरले तर चालेल का?

चालेल. प्रत्येक दिवसाचा रोजा स्वतंत्र आहे. ज्या दिवशी ताकद आहे त्या दिवशी धरा, नाही त्या दिवशी नाही, आणि न धरलेल्यांची मोजणी लिहून ठेवा. डॉक्टरांनी हो म्हटलेल्या बायकांना मी सांगते की पहिला रोजा एखाद्या सुट्टीच्या, कामाचा रेटा नसलेल्या दिवशी धरून बघा. कारखान्यात पाळीवर उभं राहणारी, शेतात भांगलायला जाणारी, आणि घरात पंख्याखाली बसणारी, तिघींचा रोजा सारखा नसतो.

१०. सहरी-इफ्तारला काय खाऊ?

सहरी (पहाटेचं जेवण) चुकवायची नाही, आणि ती शेवटच्या वेळेला करायची. रात्री बारालाच जेवून झोपलात तर रोजा पाच तासांनी लांबतो. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ किंवा दोन अंडी, दही, एखादं केळ. हे हळूहळू पचतं. नुसता चहा आणि खारी किंवा पाव यांवर धरलेला रोजा अकरा वाजता हात थरथरायला लावतो. लोणचं, पापड, तिखटजाळ रस्सा सहरीला नको, दिवसभर घसा कोरडा पडतो. कोल्हापुरात हे सांगणं कठीण आहे, पण एक महिना तांबडा रस्सा रात्रीच्या जेवणात जाऊ दे.

इफ्तारला दोन-तीन खजूर, पाणी, फळं. मग नमाज, मग जेवण. समोसे-भजी आणि गोड सरबत एकदम पोटात गेलं की साखर चढते, जळजळ होते आणि भूक मरते. इफ्तारपासून सहरीपर्यंत आठ-दहा ग्लास पाणी जायला हवं, थोडं थोडं करत. उशाशी तांब्या भरून ठेवा.

गुळाबद्दल हमखास विचारतात, आपला गूळ जगात नावाजलेला. खा, पण रक्त वाढायला गूळ पुरत नाही. त्यासाठी गोळीच.

११. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या कधी घेऊ? थायरॉईडची पण आहे.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर, चहापासून लांब. लिंबू किंवा आवळा सोबत चांगला. कॅल्शियम दोनदा असेल तर एक इफ्तारच्या वेळी आणि एक सहरीला. दोन्हींत निदान दोन तास जाऊ द्यात. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी लागते, म्हणून सहरीच्या अर्धा तास आधी उठून ती घेऊन ठेवायची. कॅल्शियम मात्र तिच्यापासून निदान चार तास लांब हवं, म्हणून थायरॉईडवालीने सहरीचं कॅल्शियम त्या वेळी न घेता त्याची वेळ डॉक्टरांना विचारायची. बीपीची किंवा साखरेची औषधं अशी स्वतःच्या मनाने पुढेमागे करायची नाहीत. तुम्ही मुळातच प्रश्न ७ च्या यादीत आहात.

योनीमार्गात ठेवायची गोळी दिली असेल, तर ती इफ्तारनंतर झोपताना ठेवा. जुन्या हनफी मताप्रमाणे तिने रोजा तुटतो, जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९७ साली तुटत नाही असं ठरवलं. रात्री ठेवलीत तर वादच उरत नाही.

१२. रोजात उलटी झाली. मला वाटलं तुटला, म्हणून पाणी प्यायले. आता?

आपोआप झालेल्या उलटीने रोजा तुटत नाही, कितीही झाली तरी. मुद्दाम बोट घालून तोंडभर काढली तर तुटतो. तुमचा रोजा उलटीने नाही, पाण्याने तुटला. त्याची एक कजा धरा. गैरसमजातून झालंय, ६० ची भीती बाळगू नका.

उलट्या दिवसभर थांबतच नसतील, तर मसला बाजूला ठेवा आणि पाणी घ्या.

१३. इंजेक्शन, रक्ततपासणी, सोनोग्राफी, सलाईन: रोजा राहतो का?

धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्त काढणं, पोटावरून होणारी सोनोग्राफी यांनी रोजाला काही होत नाही. आतून होणारी तपासणी किंवा सोनोग्राफी तातडीची नसेल तर रमजानच्या आधी किंवा रात्रीची वेळ बघा. तिथे मतभेद आहेत, प्रश्न ११ मधल्या गोळीसारखेच.

सलाईनचं वेगळं आहे. ताकदीचं, ग्लुकोजचं सलाईन हे जेवणाच्या जागी येतं, म्हणून बरेच आलिम त्याने रोजा तुटतो म्हणतात. शिरेतून जातं, नैसर्गिक वाटेने जात नाही, म्हणून तुटत नाही असं आपल्याकडचे बरेच हनफी मुफ्ती सांगतात. पण मला साधी गोष्ट दिसते: सलाईन लावायची वेळ आली म्हणजे तुम्ही सवलतीत बसता. रोजा टिकावा म्हणून सलाईन लावून घ्यायला येणाऱ्या मुली असतात. तसं करू नका.

१४. साखरेच्या तपासणीला ग्लुकोजचं पाणी प्यायला बोलावलंय आणि तारीख रमजानमध्ये आहे.

ही तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, दोन तासांनी रक्त. आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातली साखर. हे प्यायल्यावर रोजा अर्थातच राहत नाही. रमजान त्या आठवड्यांत येतोय हे आधी कळलं तर डॉक्टरांशी बोलून तारीख जुळते का बघा. नाही जुळली तर त्या दिवशीचा रोजा धरायचा का हे आलिमांना विचारून ठेवा, पण तपासणी टाळू नका. साखर असल्याचं माहीत नसताना महिनाभर धरलेले रोजे कितीतरी जास्त धोक्याचे आहेत.

१५. रोजा चालू असताना कधी समजायचं की आता तोडायला हवा?

बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घामाने भिजणं, हात कापणं. पोट थांबून थांबून कडक होणं. जोरात डोकं दुखणं आणि धूसर दिसणं. लघवी कमी, आणि रंग काळ्या चहासारखा. पाणी जाणं, रक्त दिसणं, ताप.

यातलं काहीही झालं की लगेच पाणी आणि काहीतरी गोड. डाव्या कुशीवर झोपा. चक्कर-थकवा अर्ध्या तासात गेला तरी त्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. हालचाल कमी, रक्त, पाणी जाणं, डोकेदुखी-धूसर दिसणं यांत वाट बघायची नाही. सीपीआरला (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) किंवा जवळच्या प्रसूतीच्या दवाखान्यात निघा, गाडी नसेल तर १०८ लावा.

एक मुलगी अशीच दुपारी साडेतीनला आली होती. आठवा महिना, सकाळपासून बाळ हललं नव्हतं. पट्टा लावला, ठोके होते, पण बाळ सुस्त. मी ग्लासभर सरबत पुढे केलं तर ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "बाजी, तीनच तास राहिलेत." तिच्या अम्मीने ग्लास माझ्या हातातून घेतला आणि तिच्या ओठांना लावला. वीसेक मिनिटांनी पोटावर लाथ बसली तेव्हा दोघी रडायला लागल्या.

त्या रोजाचं काय? एक कजा. कफ्फारा नाही.

१६. सासूबाई म्हणतात, "आम्ही सगळे धरले, आम्हाला काही झालं नाही." मी स्वयंपाकघरात लपून खाते.

त्यांनी धरले ते खरं, आणि त्यांची नियत चांगली होती. त्यांच्या वेळी हिमोग्लोबिन कुणी मोजत नव्हतं, हेही खरं.

लपून खाणारी कधीच पोटभर खात नाही. उभ्याने, दाराकडे कान देऊन, पोळीचा तुकडा आणि चहा. म्हणजे रोजाही नाही आणि जेवणही नाही. रस्त्यावर, लोकांसमोर न खाणं हा अदब आहे, तो पाळा. पण स्वतःच्या घरात ताट वाढून बसायचा तुम्हाला हक्क आहे. सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बराच फरक पडतो. त्यांचा मशिदीतल्या मौलानांवर विश्वास असेल तर नवऱ्याने मौलानांना विचारून घरी सांगावं. हे काम नवऱ्याचं आहे, सुनेला एकटीला लढायला लावू नये.

१७. नवरा म्हणतो, "तुझ्या वाटचे मी धरतो." चालेल?

जिवंत माणसाचा रोजा दुसऱ्याला धरता येत नाही. त्याला म्हणावं, माझ्या कजाच्या दिवशी सहरीला तू उठ आणि भाकरी तू कर.

१८. दिवस गेलेत हे माहीत नव्हतं आणि पंधरा रोजे धरले. बाळाला काही झालं असेल का?

घाबरू नका, रोजे झाले. अशा खूप जणींची बाळं सुखरूप जन्मलेली मी बघितलीत. आता कळलंय, तर फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, तपासणी करून घ्या आणि पुढच्या रोजांचं प्रश्न २ आणि ७ वाचून ठरवा.

१९. रोजात रक्त दिसलं. तो हैज (मासिक पाळी) धरायचा का? आणि गर्भ पडला तर?

आधी दवाखाना, मग मसला. हनफी मतात गरोदरपणातलं रक्त हैज नसतं, ते इस्तिहाजा (पाळीबाहेरचं रक्त), म्हणून त्याने रोजा आपोआप तुटत नाही. शाफई मतात ते हैज ठरू शकतं. पण रक्तस्राव होत असताना रोजा धरण्याजोगी तब्येत नसतेच.

गर्भ पडला आणि त्यात बोट, नख, केस असं काही अवयव तयार झालेलं होतं (साधारण चार महिने धरतात), तर नंतरचं रक्त निफास (बाळंतपणानंतरचं रक्त). त्या काळात रोजा नाही, नमाज नाही. रोजांची कजा आहे, नमाजची नाही. अवयव झालेले नव्हते, तर हनफी मतात ते रक्त दिवसांच्या हिशोबाने हैज किंवा इस्तिहाजा ठरतं. तो हिशोब प्रत्येकीचा वेगळा, मुफ्तींना तारखांसह विचारा. लाजू नका. घरातल्या मोठ्या बाईमार्फत विचारलंत तरी चालतं.

आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही: रोजा धरला म्हणून गर्भ पडला असं स्वतःला लावून घेऊ नका, आणि न धरल्याची शिक्षा म्हणून पडला असं कुणी म्हणालं तर तिथून उठून जा. सुरुवातीचे बहुतेक गर्भ बाळाच्या घडणीतल्याच दोषाने पडतात.

२०. रमजानमध्येच बाळंत झाले. चाळीस दिवस रोजा नाहीच ना?

चाळीस ही हनफी मतातली जास्तीत जास्त हद्द आहे, पुरी करायची सक्ती नाही. शाफई मतात ती ६० दिवसांची आहे. रक्त पंचविसाव्या दिवशी पूर्ण थांबलं तर गुसल (पूर्ण अंघोळ) करून नमाज सुरू. त्या दिवसापासून निफासचं कारण संपलं, पण तुम्ही पाजत असाल आणि अंगात ताकद नसेल तर पाजणारीची सवलत आहेच. सिझेरियनला वेगळा नियम नाही, रक्त गर्भाशयातून येतंय तोवर निफास.

रोजा असताना दिवसा बाळंत झालात तर तो रोजा गेला. खा, प्या.

२१. अंगावर पाजते. दूध कमी होईल का?

धडधाकट बाईचं दूध एका रोजाने आटत नाही. पाणी कमी पडलं की मात्र आईला आधी थकवा येतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि फक्त अंगावर असेल, तर त्याच्या लघवीकडे लक्ष ठेवा. दिवसात सहाच्या खाली लंगोट ओले होत असतील, बाळ चिडचिडत असेल, वजन वाढत नसेल, तर रोजा थांबवा. मसला गरोदर बाईसारखाच, प्रश्न ४ बघा.

२२. तीन बाळंतपणं, मध्ये पाजणं. किती रोजे राहिले हिशोबच लागत नाही.

माझ्या अम्मीची एक वही होती. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी लांबट, लाल कापडी पाठ. आम्ही चार भावंडं. प्रत्येकाच्या नावाखाली तिने उभ्या रेघा मारल्या होत्या, एक रेघ एक रोजा, पाचवी आडवी. कजा धरला की त्या रेघेवर बारीक फुली. एकूण रेघा नव्वदच्या वर होत्या. ती हिवाळ्यात सोमवार-गुरुवार धरायची, दिवस लहान आणि तहान कमी म्हणून. मी नववीत होते तेव्हा शेवटची फुली पडली. त्या संध्याकाळी तिने शिरा केला, आणि कशाचा ते आम्हाला सांगितलंही नाही.

तुमच्याकडे वही नसेल तर आठवून अंदाज करा: कोणतं मूल कोणत्या महिन्यात जन्मलं, तेव्हा रमजान कधी होता. शंका असेल तिथे जास्तीचा आकडा धरा. लागोपाठ धरायची अट नाही. पुढचा रमजान मध्ये आला तर हनफी मतात फक्त कजा राहते. शाफई मतात कारण नसताना उशीर केला तर फिदियाही लागतो, पण पाजणं किंवा पुन्हा दिवस जाणं हे कारणच आहे. हजरत आयशांच्या राहिलेल्या रोजांची कजा शाबानपर्यंत लांबायची, असं बुखारी-मुस्लिम या हदीसच्या ग्रंथांत आहे. तेव्हा वर्ष लागलं म्हणून खंतावू नका.

२३. कजाच्या रोजाला काही वेगळं आहे का?

दोन गोष्टी. हनफी मतात रमजानच्या रोजाची नियत दुपारच्या आतपर्यंत करता येते, कजाची मात्र सहरीची वेळ संपायच्या आत करावी लागते. सकाळी आठ वाजता "आज काही खाल्लं नाही, चला कजा धरू" असं ठरवलं तर तो नफिल (ऐच्छिक) होईल. आणि वर्षात पाच दिवस कजा धरता येत नाही: रमजान ईदचा दिवस, बकरी ईदचा दिवस आणि त्यानंतरचे तीन.